वहिनीची खुंटी

आमच्या वहिनीला कशाचीच किळस येत नाही, असा गिऱ्हाइकांचा समज आहे. तो साफ खोटा आहे. तिच्याइतकी किळस करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि मी स्वतः त्या बाबतीत काही कमी नाही. फरक एवढाच, की किळस आली की मी लांब पळते आणि वहिनी बाह्या वर करते.

आमचं लाँड्रीचं दुकान आहे. दादा धुलाईची मशीन आणि बॉयलर बघतो, मी काउंटरवर बसते, आणि वहिनी डाग काढते. शिवाय इस्त्रीही तिच्याचकडे. डाग काढणं म्हणजे काय हे सविस्तर सांगून कुणाचं जेवण बिघडवायचं नाही मला, पण थोडं सांगितल्याशिवाय वहिनी कळायची नाही. लोक ओकारीने भरलेला कोट छान घडी घालून आणतात, घाण आतल्या बाजूला ठेवतात आणि माझ्याकडे बघून गोड हसत सांगतात, जरासं सूप सांडलंय हो. वहिनी तो कोट उलगडते, एकदाच हुंगते आणि म्हणते, "सूप नाही." बस, एवढंच. मग गिऱ्हाइकाचं तोंड बघण्यासारखं होतं. पिवळ्या पडलेल्या काखा, मेणचट कॉलरी, आजारी माणसाच्या अंथरुणाच्या चादरी, सगळं तिच्या टेबलावर येतं. त्याची ती कधी कुरकुर करत नाही. तिचं म्हणणं, डाग पडतो, पडणारच, माणसं आहेत. पण तो झाकून आणून देतात ना, त्याची शिसारी येते.

आता खुंट्यांचं सांगते. इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर तीन खुंट्या आहेत, आमच्या बाबांनी ठोकलेल्या. बाबांचा एक नियम होता. आपल्या हातून कपडा जळला तर तो लपवायचा नाही, आणि गिऱ्हाइकाला 'चालेल का' असंही विचारायचं नाही, कारण भिडस्त माणूस हो म्हणून जातो. जळका कपडा परत द्यायचाच नाही. त्याची भरपाई द्यायची, कपडा आपला झाला असं समजायचं, आणि ज्याने जाळला त्याच्या खुंटीवर तो टांगून ठेवायचा, काउंटरवरून दिसेल असा. बाबा गेले, नियम राहिला. दादाच्या खुंटीवर एक राखाडी पँट आहे, नेमक्या बसायच्या जागी इस्त्रीचा ठसा असलेली. माझ्या खुंटीवर एक रेशमी स्कार्फ आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. वहिनीची खुंटी रिकामी. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून रिकामी. तिने कधी बढाई मारली नाही, पण भिंत झाडताना त्या खुंटीवरून फडकं जरा सावकाश फिरायचं, हे मी पाहिलेलं आहे.

इस्त्री किती तापलीय हे ती काट्यावर बघत नाही. तळहात जवळ नेते आणि सांगते. तिचा तळहात कधी चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आमच्या दुकानाच्या वर एक भाडेकरू राहायचा. लोकांची घरं सजवून द्यायचा धंदा. आम्ही त्याला सुगंधराव म्हणायचो, अर्थात त्याच्या माघारी. तो दुकानात यायच्या आधी त्याचं अत्तर यायचं. त्याचे शर्ट उंची असायचे, पण कॉलरच्या आत काळी रेघ आणि तिच्यावर फवारलेलं ते अत्तर, असा दोन्हीचा मिळून वास व्हायचा. मी ते शर्ट दोन बोटांत धरून आत ढकलायचे. वहिनीने पहिल्याच शर्टाला निकाल देऊन टाकला होता, की हा माणूस धूत नाही, झाकतो.

एकदा हा सुगंधराव किल्ली काउंटरवर ठेवून गेला. दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालंय, मीटर बघायला कुणी आलं तर किल्ली द्या, म्हणाला. अशा किल्ल्या आमच्याकडे पडून असतातच. मी ती खिळ्याला अडकवली आणि विसरून गेले.

मग दुकानात वास यायला लागला. लाँड्रीला वास येणं म्हणजे आमच्या धंद्यात नाक कापलं जाणं. धुतलेल्या कपड्यांना वास येतो असं एका बाईने तोंडावर सांगितलं, तेव्हा दादाने गटार उपसलं, मशीनच्या नळ्या धुतल्या, मी कोपरा न् कोपरा घासला. वास आपला तिथेच. शेवटी वहिनी दुकानाच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून तिने दोन-चार श्वास घेतले आणि छताकडे बोट केलं. खिळ्यावरची किल्ली घेऊन ती वर गेली. तिच्या मागे मी, नाकाला पदर... नाही, हाताला लागला तो कुणाचा तरी धुतलेला रुमाल लावून.

खोली बघण्यासारखी होती हं. भिंतींना सुंदर रंग, उंची दिवे, मऊ गालिचा. आणि कोपऱ्यात, सगळ्यात चांगल्या जागी, काचेची एक मोठी पेटी. वास तिथला. आत वाळू होती, तिच्यावर शेणासारखे वाळलेले आणि न वाळलेले पो, सडून पाणी झालेली कसली तरी पानं, आणि मेलेल्या किड्यांचा थर. पाण्याच्या वाटीत हिरवा तवंग. पेटीवरचे दिवे बंद, कारण जाताना या गृहस्थाने घराचं मुख्य बटणच बंद केलं होतं. बाहेरच्या काचेला मात्र एक बोट लागलेलं नव्हतं. बाहेरून पुसलेली.

त्या घाणीत एक सरडा पडला होता. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला, हे नाव मला पुढे कळलं. त्या वेळी माझ्या तोंडून फक्त 'शी' निघालं. डोळे खोल गेलेले. अंगावर जुन्या कातडीचे पोपडे, बोटांवर त्याच कातडीची वळी आवळलेली, आणि दोन बोटं काळी पडून सुकलेली. खालचा जबडा वाकडा. पोट वाळूला टेकलेलं, पाय बाजूला पसरलेले, जणू त्याचे नव्हतेच. मला वाटलं, मेलाय. तेवढ्यात त्याने पुढचा एक पाय उचलला आणि हवेत हळूच गोल फिरवला. कुणी निरोप घेताना हात हलवावा तसा. मी गॅलरीत जाऊन ओकले.

परत आले तर वहिनीच्या बाह्या वर झालेल्या होत्या.

तिने आधी सुगंधरावाला फोन लावला, मला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर. तो म्हणाला, "अरे, आहे का तो अजून?" मग जरा सावरून म्हणाला, की कामाच्या गडबडीत राहूनच गेलं, मी येतोच आहे, तोवर जरा बघाल का, महाग आहे हो तो. वहिनीने फोन ठेवला. मी म्हटलं, पेटी उचलून म्युनिसिपालिटीच्या डब्यात टाकूया. ती म्हणाली, "वस्तू गिऱ्हाइकाची आहे. स्वच्छ करून परत द्यायची." तो सरडा आमच्या काउंटरवरून आत आला नव्हता, हे मी तिला सांगून पाहिलं. किल्ली आली होती ना, म्हणाली.

जनावरांची डॉक्टरीण तरुण आणि कामात चोख होती. तिने सरड्याचा जबडा दोन बोटांत धरून दाखवला. तो रबरासारखा वाकत होता. या जातीला कडक ऊब आणि उन्हासारखा खास दिवा लागतो, तो वर्षानुवर्षं मिळाला नाही, नुसते किडे मिळाले, तेही कॅल्शियमशिवाय, त्यामुळे हाडं मऊ झालीत. पाणी कमी पडलंय, पोटात जंत आहेत, काळी बोटं गेलीच समजा. कठीण आहे, म्हणाली, पण करून बघू. मग काय करायचं ते सांगितलं: दोन दिवे आणा, रोज कोमट पाण्यात बसवा, ड्रॉपरने औषध पाजा. आणि उबेसाठी थर्मामीटर लावा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

हे शेवटचं वहिनीला लागलं. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं, ही मला ऊब शिकवणार का? थर्मामीटर तिने विकत घेतला, कारण सांगितलेलं करायचं असतं, पण तो टेबलाच्या खणात गेला.

त्यानंतर आमच्या दुकानाचं काय झालं ते विचारू नका. दुकानामागच्या खोलीत जावईबापू उतरले. हे नाव दादाने दिलं, कारण त्यांची बडदास्तच तशी होती. सकाळी परातीत कोमट पाणी, त्यात स्वारी बसायची आणि त्यातच शी करायची. मग वहिनी जुन्या टूथब्रशने पोपडे भिजवून भिजवून सोडवायची, सिल्कवरचं मेण काढतात तसं, न ओढता. डाव्या पायाच्या बोटावरचं वळं निघालं तेव्हा त्याच्याबरोबर बोटही निघालं. तिने ते कागदात गुंडाळलं आणि मला म्हणाली, तू बघू नकोस. मी बघितलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

आणि किडे. लाँड्रीत किडे. कापड खाणाऱ्या किड्यांच्या धास्तीने आम्ही कपाटाच्या फटीसुद्धा बुजवतो, आणि ही बाई जिवंत रातकिड्यांचा डबा घेऊन दुकानात आली. मी ठणकावून सांगितलं, डबा आत आला तर मी बाहेर. शेवटी डबा मागच्या जिन्याखाली, दोन कुलपांत. वहिनी तिथून चिमट्याने एकेक किडा काढायची, कॅल्शियमच्या पांढऱ्या पुडीत घोळवायची आणि त्या वाकड्या जबड्यापुढे धरायची. तो चावायला जायचा आणि चावता यायचं नाही. अर्धा किडा तोंडात, अर्धा बाहेर वळवळतोय. मला आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

तरी तो जगत होता. आणि तेवढ्यात ती गोष्ट घडली.

मागवलेला उबेचा दिवा यायला उशीर होत होता. बाहेर गारठा होता आणि स्वारी गोळा होऊन पडलेली. वहिनीने बॉयलरच्या पाइपावर लाकडी खोकं ठेवलं, आत टॉवेलची घडी घातली, त्यावर तळहात टेकवला, थोडा वेळ ठेवला आणि म्हणाली, छान कोमट आहे. सरडा तिथे ठेवला. तो पसरून पडला, डोळे मिटले. बघ कसा सुखावलाय, असं ती मला म्हणाली आणि इस्त्रीला लागली. मधून मधून येऊन बघायची. तो हलला नाही, कुरकुरला नाही. दुपारी त्याला औषधासाठी उचलला, तर पोटाची कातडी टॉवेलला चिकटून राहिली.

खाली तपकिरी चट्टा होता, त्यातून पिवळं पाणी येत होतं. मी तोंड फिरवलं. वहिनी मात्र टक लावून बघत राहिली. कुणाचा कोट असता तरी तिने असंच बघितलं असतं, पण कोट तिने असा एप्रनशी धरला नसता.

डॉक्टरीण चिडली नाही. या जनावरांना पोटाखालचा चटका लवकर कळत नाही, म्हणाली. मग तिने विचारलं, थर्मामीटर किती दाखवत होता? वहिनीने हात पुढे केला. डॉक्टरणीने तिचा उजवा हात धरून उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. "ताई, या हाताला काय कळणार? याच्यावर तर दुसरी कातडी चढलीय." वहिनीने हात काढून घेतला आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. दुकानात येईपर्यंत ते खिशातच होते.

आल्यावर तिने खणातला थर्मामीटर काढला, पाइपावरच्या टॉवेलवर ठेवला आणि शेजारी आपला तळहात. दोघांकडे ती बराच वेळ बघत होती. "मला हे अजूनही कोमटच वाटतंय," असं म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं बहुतेक, पण तिच्या एप्रनला त्या चट्ट्याचं पाणी लागलेलं होतं आणि मला ते जमलं नाही. खुंटीचा विषय कुणी काढला नाही. दादा एवढंच म्हणाला, की तो काय कपडा थोडाच आहे.

पुढचे काही महिने मलमपट्टीचे गेले. दिवे आले, आणि थर्मामीटर आता खोक्याला तारेने बांधलेला असायचा. चट्टा सुकला, पांढुरका व्रण राहिला. जबडा वाकडा तो वाकडाच, पण कडक झाला. एक दिवस सरडा पोट उचलून चार पावलं चालला, आणि दादाने बॉयलर सोडून टाळ्या वाजवल्या. पुढचा पाय मात्र तो अजून तसाच हलवायचा, कुणीही जवळ गेलं की. मला वाटलं ओळख दाखवतो. डॉक्टरणीने सांगितलं, तसं नाही, मी तुमच्यापेक्षा दुबळा आहे, मला मारू नका, असं तो सांगतो. ते ऐकल्यापासून मला सरड्याची किळस थोडी कमी यायला लागली. ती सगळी सुगंधरावाच्या वाट्याला गेली.

कारण आता तो येणार होता. त्याचा फोन आला, काम संपलं, नवीन ऑफिस थाटतोय. वहिनीचा कामातला हात त्या दिवसापासून मंदावला. परत दिला तर तो पुन्हा काचेत सडून मरणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आणि परत न देणं म्हणजे गिऱ्हाइकाची वस्तू दाबणं, जे आमच्या दुकानात कधी झालेलं नव्हतं. मी म्हटलं, मेला म्हणून सांग. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच सूप सांडलेला कोट घेऊन आले होते.

तो आला ऐन गर्दीच्या वेळी. आधी अत्तर, मग तो. काउंटरपुढे चार-पाच गिऱ्हाइकं उभी, त्यात आमच्या जुन्या एक हेडमास्तरीणबाई, पांढराशुभ्र लोकरीचा कोट हातावर घेऊन, जो त्या वहिनीशिवाय कुणाच्या हाती देत नसत. सुगंधराव सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, की स्वागतकक्षात काचेची भिंतभर पेटी केलीय, त्यात हा काय दिसेल, लोक बघत राहतील. वहिनी आत गेली आणि सरड्याला हातावर घेऊन आली. सरड्याने सुगंधरावाकडे बघितलं, भीतीने त्याची दाढी काळी पडली आणि त्याने पाय उचलून हळूच फिरवला.

"बघा, ओळखलं मला," सुगंधराव म्हणाला. "चकाचक केलंत हो."

वहिनीने सरड्याला उचलून त्याचं पोट पुढे केलं. तो पांढुरका व्रण तळहाताएवढा होता.

"हे माझ्या हातून जळालंय," ती म्हणाली.

सुगंधरावाने वाकून बघितलं, नाक मुरडलं आणि हात झटकला. "चालेल हो. पोटाखालचं कोण बघतंय?"

"तुम्हाला चालेल. आमच्या दुकानाला चालत नाही. जळलेली वस्तू आम्ही परत देत नाही. भरपाई घ्या, किंमत सांगा."

तो हसला, मग वाद घालायला लागला. पण मागे उभ्या गिऱ्हाइकांना आमचा नियम ठाऊक होता, त्यांनी त्या दोन खुंट्या वर्षानुवर्षं बघितल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, हो हो, यांचं तसंच असतं. दादा मागून येऊन बॉयलरचा पाना हातात घेऊन नुसता उभा राहिला. सुगंधरावाने किंमत सांगितली, फुगवूनच सांगितली. वहिनीने घासाघीस केली नाही. स्वतःच्या पाकिटातून तिने पैसे काढून काउंटरवर ठेवले, आणि त्याने ते घेतले. बोटाला थुंकी लावून मोजले, आणि घेतले. आजवर या काउंटरवर मी काय काय घाण पाहिली असेल, पण ते बोट विसरायला मी तयार नाही.

तो गेला. हेडमास्तरीणबाई थोडा वेळ घुटमळल्या. मग कोट दुसऱ्या हातावर घेत म्हणाल्या, आज राहू दे, पुन्हा येते. त्या आल्या नाहीत. वहिनीने त्यांना थांबवलं नाही, आणि डॉक्टरीण हाताबद्दल काय म्हणाली होती तेही सांगितलं नाही.

गर्दी ओसरल्यावर तिने मागच्या खोलीतलं खोकं उचलून आणलं आणि इस्त्रीच्या टेबलामागे भिंतीला लावून ठेवलं. उबेचा दिवा हातात घेऊन ती जरा थांबली. मग फडक्याने आपली खुंटी पुसली, तिच्यावर दिवा टांगला, थर्मामीटर बघितला, दिवा दोन बोटं वर घेतला, पुन्हा बघितला.

आता काउंटरवरून तिन्ही खुंट्या दिसतात. पँट, स्कार्फ, आणि दिव्याखाली पसरलेला तो सरडा. नवीन गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर वहिनी इस्त्रीवरून मान वर न करता सांगते, "ते माझ्या हातून जळालंय." त्याची शी मात्र मी काढत नाही. ती वहिनीनेच काढायची.